बिनखळीची कॉलर

दक्षिण आफ्रिकेतल्या एका बंदरगावात काळ्या धोबिणींनी संप केला, तेव्हा सरकारने अकराजणींना कोठडीत टाकलं. त्यांची बाजू मांडायला धोबिणींच्या संघटनेची म्हातारी पुढारी थांडेका कोर्टात आली. तिने कठड्यावर हात ठेवताच गोरे न्यायाधीश कडाडले, "हात काढ! काळ्यांनी शिवलेलं मला इथे चालत नाही. चल, बाहेर हो!"

थांडेकाने हात काढला. "जाते, साहेब. पण मग तुम्हाला तो सदराही उतरवावा लागेल."

"काय?"

"कॉलरच्या आत लाल दोऱ्याचे तीन टाके आहेत, ती माझी खूण. संपाच्या आदल्या दिवशी मीच धुतलाय. सहा वर्षं धुतेय. एकदा कॉलरवर रक्ताचे डाग दिसले. म्हटलं, खळीने मान सोलवटते बिचाऱ्याची. तेव्हापासून तुमच्या कॉलरला मी खळ घालत नाही."

आता आली पंचाईत! सदरा काढावा तर भर कोर्टात उघडं व्हायचं, न काढावा तर बाईचा हात गळ्याशी तसाच.

न्यायाधीशांनी कॉलर चाचपली. मऊ होती. मग ते शिपायाला म्हणाले, "बाईंना खुर्ची दे."

थांडेका बसली नाही. कठड्यावर पुन्हा हात ठेवून तिने अकराजणींची नावं सांगायला सुरुवात केली.