थोमाचा लिलाव

एका गावात थोमा नावाचा एक भोळा सुतार नव्यानं राहायला आला. हात सोन्याचे, डोकं लाकडाचं. सांगितलं तेवढंच आणि सांगितलं तसंच करायचा. गावात ओळखीचं कोणी नव्हतं. रविवारी चर्च सुटलं की माणसं घोळक्यानं घरी जात, आणि याच्या एकट्याच्या घशाखाली भाकरी उतरत नसे.

पाळकसाहेबांच्या बायकोला, दीनाबाईंना, त्याची दया आली. "थोमादादा, मुक्यानं बसून ओळख कशी होणार? चार माणसं बोलली की आपणही बोलावं. मागं राहू नये."

थोमानं मनाशी खूणगाठ बांधली. पुढच्या रविवारी पाळकसाहेब उपदेशाला उभे राहिले. "बंधुभगिनींनो, आपण कोण आहोत?"

"मी थोमा सुतार!" थोमा ओरडला. "तुम्ही?"

"आपण कुठून आलो?"

"मी बाभूळवाडीहून. एसटीनं."

उपदेश तिथंच आटोपला.

"अहो दादा," दीनाबाई म्हणाल्या, "अशा वेळी डोळे मिटून गप्प बसावं."

पुढच्या रविवारी उपासनेनंतर अंगणात चहा होता. शाळेतले साळवेमास्तर स्वतः कप घेऊन आले. "सलाम थोमा! कसं काय?" थोमानं डोळे मिटले, तोंडही मिटलं. मास्तरांना वाटलं, याला घेरी आली. त्यांनी तांब्याभर पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं. थोमा हूं की चूं करेना.

"अहो, कोणी काही पुढं केलं तर घ्यावं आणि आभार मानावेत!" दीनाबाई म्हणाल्या.

पुढच्या रविवारी दानाची थैली फिरत फिरत थोमापुढं आली. त्यानं घेतली. "आभारी आहे," म्हणाला, आणि थैली काखोटीला मारून घरी निघाला.

दीनाबाईंनी कपाळावर हात मारला. "तिथं घ्यायचं नसतं, द्यायचं असतं! जवळ काही नसेल तर माणसानं स्वतःला द्यावं!"

पुढचा रविवार हंगामाच्या सणाचा. लोक शेतातलं पहिलं पीक देवापुढं ठेवतात, मग अंगणात त्याचा लिलाव होतो. टेबलावर कणसं होती, भोपळे होते, एक कोंबडा होता. भोपळ्यांच्या मधोमध मांडी घालून थोमा बसला होता.

साळवेमास्तर लिलाव पुकारत होते. भोपळे गेले, कोंबडा गेला. थोमा राहिला. मास्तरही काही कमी मिश्कील नव्हते.

"बोला, थोमा सुतार! घेईल त्यानं आज जेवायला न्यायचा!"

"दहा!"

"वीस!"

"पन्नास!" दीनाबाईंनी हात वर केला.

थोमाचे डोळे भरून आले. जन्मात त्याच्यासाठी कोणी हात वर केला नव्हता. चार माणसं बोलत होती. मागं राहून कसं चालेल?

"शंभर!" थोमा ओरडला.

"शंभर एक वार, दोन वार, तीन वार," मास्तर म्हणाले. "थोमा थोमाला!"

थोमानं शंभराची नोट ठेवली, टेबलावरून उतरला आणि स्वतःला घेऊन घरी गेला.

आता काय करायचं? सगळी मंडळीच डबे घेऊन त्याच्या दारात गेली. "दादा, आमचा थोमा द्या. जेवायचं खोळंबलंय."

"तो मी घेतलाय," थोमा म्हणाला. "पण थांबा. येतो का, विचारून बघतो."

त्यानं दार लोटलं. मंडळी बाहेर थांबली. आतून थोमाचा आनंदानं कापरा झालेला आवाज आला, "अरे थोमा, ऊठ! तुला न्यायला माणसं आलीत!"