तिवई कुठे ठेवायची

एकदा एका डोंगरवस्तीत एक वृद्ध मधपाळ राहत होते. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांच्या हाताखाली एक तरुण शिष्य मधमाश्यांचे काम शिकत होता. पेटी उघडताना हात कसा संथ ठेवायचा, राणीमाशी कशी ओळखायची, मधाची चौकट कधी काढायची आणि कधी माश्यांसाठी ठेवायची, हे सारे तो शिकला होता. एकच गोष्ट उरली होती. डोंगरमाथ्यावरच्या पठारावर सात वर्षांनी एकदा कारवी फुलते. त्या फुलोऱ्यात पेट्या वर नेऊन कशा मांडायच्या, ते त्याला अजून शिकायचे होते. यंदा कारवी फुलणार होती.

आबा एकदा सहज म्हणाले होते, "नीट बघून घे रे. पुढच्या फुलोऱ्याला मी असेन, नसेन."

ते वाक्य शिष्याच्या मनात घर करून बसले होते.

पण श्रावण लागला आणि त्याचा उजवा गुडघा सुजला. मग टाच दुखू लागली. सकाळी उठून पहिले पाऊल टाकायचे म्हणजे अंगावर काटा येई. त्याने कोणाला सांगितले नाही. मधपाळाला कधी संधिवात होत नाही, माशीच्या डंखाने वात पळतो, असे वस्तीतले सगळेच म्हणत. मग आपण लंगडतो हे कोणत्या तोंडाने सांगायचे? आबा बाजारला गेलेले पाहून त्याने पेटीपाशी बसून स्वतःच्या हाताने माश्या धरल्या आणि एकेक करून त्या सुजल्या गुडघ्याला डसवून घेतल्या.

आबा परतले तेव्हा गुडघा भोपळ्यासारखा झाला होता आणि पोरगा तापाने फणफणला होता.

"काय केलंस हे?"

"औषध," शिष्य मान खाली घालून म्हणाला.

"वा! आणि वैद्य कोण? ही माशी?" आबा एवढेच बोलले. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने ते त्याला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टरीणबाईंनी गुडघ्यातले पाणी काढून तपासायला पाठवले, रक्त तपासले, डोळे पाहिले. मग विचारले, "महिन्याभरात पोट बिघडलं होतं का?"

शिष्य कानापर्यंत लाल झाला. मावसभावाच्या लग्नात तो शिळे ताक प्यायला होता आणि नंतरचे काही दिवस त्याने परसदारीच काढले होते.

"ते कधीच बरं झालं," तो पुटपुटला. "जुलाबाचा आणि गुडघ्याचा काय संबंध?"

"आहे संबंध. याला रिॲक्टिव्ह आर्थ्रायटिस म्हणतात. पोटातले जंतू गेले, पण तुझं शरीर अजून लढतंय, ते आता सांध्यांशी. सध्या पायाला विश्रांती दे. गोळ्या जेवणानंतर घे, सांगितल्या तेवढ्याच. सूज उतरली की थोडंथोडं चालायला लाग. बहुतेकांचं काही महिन्यांत निवतं. काहींचं मध्येच पुन्हा डोकं वर काढतं. आणि डोळा लाल होऊन दुखायला लागला तर त्याच दिवशी यायचं, थांबायचं नाही." बाईंनी चष्म्यावरून पाहिले. "माशीबिशी अजिबात नाही."

एवढ्या बोलण्यातला एकच शब्द शिष्याच्या कानात राहिला. महिने. कारवी तर तोंडावर आली होती.

दोघे घरी परतले तर अंगणाच्या टोकाला हिरड्याच्या झाडाखालच्या पेटीवर गांधीलमाश्यांनी धाड घातलेली. दाराशी मेलेल्या माश्यांचा सडा पडला होता. आबांनी अंधार पडता पडता गांधीलमाश्यांचे पोळे शोधून काढले आणि नष्ट केले. तरी ती पेटी शांत होईना. कोणी अंगणात पाऊल टाकले की माश्या तीरासारख्या येत. म्हैस डसली, पोस्टमन डसला. मध न्यायला आलेला व्यापारी तर उपरणे डोक्यावर घेऊन धूम पळाला.

"आबा, भरपूर धूर सोडा हो!" तो ओट्यावर उभा राहून ओरडला. "एकदा कोंडून धूर दिला की गप बसतील."

"बसतील की शेठ. आणि उद्या घर सोडून जातील. मग मध तुमच्या दुकानातून आणू का?"

व्यापारी कानाची पाळी चोळत हसला. मग त्याचे लक्ष शिष्याच्या पायाकडे गेले. "आणि हे हो काय? मधपाळाचा चेला आणि लंगडा?"

व्यापारी गेल्यावर शिष्याने मूठ वळून आपल्याच मांडीवर मारली. "माझंच शरीर आणि माझाच वैरी!"

आबांनी ते ऐकले. आत जाऊन त्यांनी लाकडी तिवई आणली, अंगणात त्या पेटीपासून बरीच लांब ठेवली आणि तिच्यावर नुसते बसून राहिले. हातात धूर सोडायचे धुराडे नाही, तोंडावर जाळी नाही. थोड्या वेळाने उठले आणि कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिवई किंचित पुढे होती. कधी पुढे जाई, कधी होती तिथेच राही. एकदा वारा सुटला होता, माश्या बिथरल्या होत्या. त्या दिवशी आबांनी तिवई चक्क मागे आणली आणि तितक्याच स्वस्थपणे बसले. शिष्य ओट्यावरून पाय लांब करून पाहत होता. म्हातारपणी आबांना हे काय सुचले, ते त्याला कळेना.

सूज उतरू लागली तसे आबा म्हणाले, "आजपासून तिवई तू मांडायचीस. काठी घे. पेटीला आणि तुला सोसेल तिथवर जा."

शिष्य जाऊ लागला. ओट्यापासून तिवईपर्यंत, तिवईपासून ओट्यापर्यंत. हळूहळू काठी हलकी पडू लागली. मग एके सकाळी वरून आलेला गुराखी सांगून गेला की वरच्या कड्यावर कारवीला निळी झाक दिसते. शिष्याला राहवले नाही. त्याने काठी टाकली, तिवई उचलली आणि ती थेट पेटीच्या तोंडाशी नेऊन ठेवली. माश्या उसळल्या. तो पळाला. संध्याकाळी गुडघा पुन्हा तापला, पुन्हा फुगला.

"संपलं, आबा," तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "इतके दिवस पाण्यात गेले. तुम्ही दुसरा कोणी तरी बघा."

आबांनी त्याला गोळी दिली, गुडघ्याखाली घडी केलेले घोंगडे सरकवले. मग अंगणात जाऊन पेटीजवळची तिवई उचलून मागे आणली आणि तिच्यावर बसले. आज ती ओट्याच्या इतकी जवळ होती की दोघांना बोलता येत होते.

"आबा, गांधीलमाशी तर कधीच गेली. या अजून कोणावर चिडल्या आहेत?"

"गेली, हे तुला ठाऊक, मला ठाऊक. त्यांना कोण सांगणार?" आबा म्हणाले. "त्या दिवशी त्या उठल्या नसत्या तर पेटी उरली नसती. उठल्या हे बरंच झालं. आता त्यांना थांबता येत नाही, एवढंच. म्हणून त्या वैरी होतात का? तू त्यांना मारायला धावलास तर त्यांना वाटणार, शत्रू अजून दाराशीच आहे. शेठ म्हणतात तसा धूर कोंडला तर घरच मोडेल. धूर लागतो, नाही असं नाही. पण लागेल तेव्हा आणि लागेल तेवढाच. बाकीचं काम रोज येऊन बसण्याचं. सोसेल तितकं पुढे. बिथरल्या की मागे. आणि मागे आलो म्हणून आधीचं बसणं पुसलं जात नाही, पोरा. त्या ओळखू लागलेल्या असतात."

शिष्याने पेटीकडे पाहिले. मग त्याचा हात आपोआप गुडघ्यावर गेला. या वेळी मूठ नव्हती, नुसता तळवा होता.

कारवी फुलली. हमालांच्या खांद्यावरून पेट्या वर निघाल्या. आबाही निघाले. शिष्य ओट्यावर उभा होता.

"हिरड्याखालची पेटी मी ठेवून चाललोय," आबा जाता जाता म्हणाले. "ती आणि तू, दोघं मागाहून या. फुलोरा काही एका दिवसात झडत नाही."

शिष्य रोज तिवई मांडत राहिला. गोळ्या वेळेवर, दवाखान्याची फेरी चुकवली नाही. एक दिवस तिवई पेटीला टेकली. त्याने किंचितसा धूर दिला आणि झाकण उचलले. एक माशी त्याच्या मनगटावर बसली, थोडी फिरली आणि उडून गेली.

दुसऱ्या सकाळी गुराख्याने ती पेटी खांद्यावर घेतली. शिष्याने तिवई घेतली. घाटवाटेवर गुडघा कुरकुरला की तो तिवई ठेवी आणि बसे. गुराखी हसला, "अरे, असा बसत बसत गेलास तर म्हातारा होऊन पोचशील!" शिष्यही हसला, पण उठायची घाई त्याने केली नाही.

पठारावर पोचला तेव्हा दुपार कलली होती. फुलोऱ्याचा भर ओसरला होता, तरी नजर पोचेल तिथवर निळे होते आणि त्या निळ्यावर माश्यांचा गुणगुणाट होता. आबांनी त्याच्यासाठी एक जागा मोकळी ठेवली होती.

"किती वेळा बसलास वाटेत?"

"मोजलं नाही, आबा."

आबांनी मान डोलावली. "मग ये. पेटीचं तोंड कुठल्या दिशेला करायचं ते दाखवतो."

शिष्याने आधी तिवई मांडली, तिच्यावर बसला, पाय सरळ केला. मग म्हणाला, "दाखवा."

ज्यांचे शरीर आपल्याच रक्षणासाठी उठून थांबायचे विसरले आहे, त्यांनी एवढेच करावे. रोज त्याच्याजवळ बसावे आणि तिवई कुठे ठेवायची ते त्यालाच विचारावे.