पांगारा होळीला, धावडा कुणाला?

आठवडा झाला, राजांच्या आंघोळीचं पाणी तापायचं नाव घेईना. फाल्गुन उजाडला तरी चिंचोरगडावर पहाटे हातपाय काकडायचे, त्यात अंगावर कोमट पाणी आणि डोळ्यांत धूर! भैरोजीराजांनी तांब्या आपटला आणि पंचा गुंडाळून तसेच तणतणत सदरेवर आले. राजे एरवी दिलदार, पण हट्टाला पेटले की ब्रह्मदेवाचंही ऐकत नसत. त्यांनी हंड्याखाली जाळ घालणाऱ्या येसूला बोलावणं धाडलं.

“महाराज, कोठीतनं पांगारा येतो,” येसू म्हणाली. “पांगारा म्हंजी भुसभुशीत लाकूड. धूर लई, धग न्हाई. गाववाले गडावर चांगला टणक धावडा पोचवत्यात, पर माझ्या चुलीपाशी त्यो काय येत न्हाई.”

कोठीचा कारभार त्रिंबकराव कोठावळ्यांकडे होता. ते गालातल्या गालात हसले. “महाराज, हिला जाळ घालायचा कंटाळा, दुसरं काही नाही. लाकूड ते लाकूड. धावडा कुठला नि पांगारा कुठला, हिला तरी ओळखता येतं का?”

झालं, राजांना पैज सापडली.

“धावडा, आंबा नि पांगारा, तिन्हींचे ओंडके आणा. साली काढा, एकसारखे तासा आणि वरून गेरू फासा. येसूनं लांबून ओळखायचे. हात लावायचा नाही, वास घ्यायचा नाही, तोडायचं-जाळायचं नाही आणि कुठला कोणता ते कुणाला विचारायचं नाही. ओळखलेस तर मागशील ते देईन. चुकलीस तर दिवस मावळायच्या आत गड सोडायचा!”

येसूनं मनात हिशेब केला. चाकरी गेली तर तटाखालची खोपीही जाणार, आणि खोपीत तिची आंधळी आई होती. तिला घेऊन जायचं कुठं?

दुपारी तीन लालभडक ओंडके सदरेवर मांडले गेले. कुठला कोणता, ते एकट्या सुताराला ठाऊक. येसूनं बघून बघून डोळे दुखवून घेतले. सगळे सारखेच! कंटाळून तिनं सदरेच्या कठड्यावरून खाली नजर टाकली. होळीचा दिवस, घरोघरी पुरण शिजत होतं. कौलाकौलांवरून तिची नजर फिरली, एका घरावर थबकली आणि येसूला हसू फुटलं.

“महाराज, हे ओंडके सणाची भेट म्हणून कोठावळ्यांच्या घरी द्या. बाईसाहेबांना हितं बोलवा, आन् कोठावळ्यांना पडद्यामागं बसवा. तोंडातनं चकार शब्द काढायचा न्हाई म्हणावं.”

“हात लावायचा नाही, ध्यानात आहे ना?”

“मी कशाला लावते?” येसू म्हणाली.

त्रिंबकराव कुरकुरत पडद्यामागे गेले. थोड्या वेळानं त्यांच्या पत्नी भागीरथीबाई नथ सावरत आल्या. पैजेची त्यांना गंधवार्ताही नव्हती.

“बाईसाहेब, महाराजांनी सणाचं जळण दिलंय,” येसू म्हणाली. “एक तुमच्या चुलीला, एक तुमच्या जावेला आन् एक गावाच्या होळीला. कुठला कुणाला, ते तुमच्या मनावर.”

होळीला घरटी एक लाकूड द्यायची गडाची रीत होती, आणि त्यासाठी घरातलं सगळ्यात टाकाऊ लाकूड शोधायचं हीदेखील. भागीरथीबाईंनी पदर खोचला. एक ओंडका दोन्ही हातांनी उचलला, बोटांनी ठोकला आणि कडेवर घेतला. “हा आमचा.” दुसरा हातात तोलून बाजूला ठेवला. “हा जावेला. तिला एवढं पुष्कळ झालं.” तिसरा दोन बोटांत उचलला नि नाक मुरडलं. “हा जाऊ दे होळीला.”

पडद्यामागून खोकला आला. राजांनी तिकडे डोळे वटारले.

“बाईसाहेब, तुमची पारख लई भारी,” येसू म्हणाली.

“अगं, त्यात काय! आमचे हे गाडी भरभरून धावडाच धाडतात घरी. परसात रास लागलीय. पांगारा तर मी दारात उभा करत नाही.”

पडद्यामागचा खोकला एकदम थांबला.

“महाराज,” येसूनं लांबूनच बोट दाखवलं. “बाईसाहेबांच्या कडेवर धावडा, जावेला आंबा, होळीला पांगारा.”

सुतारानं मान डोलावली. तिन्ही बरोबर! राजे चकित झाले. “पण ह्या चुकणार नाहीत, हे तुला कसं गं कळलं?”

“खाली बघा, महाराज. आज समद्यांच्या कौलातनं धूर निघतोय, एकट्या कोठावळ्यांच्या न्हाई. पुरण तर त्यांच्याबी घरी शिजतंय. वाळला धावडा निखाऱ्यावानी जळतो, धूर करीत न्हाई. ज्या बाईला त्याची सवय लागली, ती पांगारा आपल्या चुलीत घालंल व्हय?”

तेवढ्यात त्रिंबकराव चोरपावलांनी पडद्यामागून सटकू लागले. भागीरथीबाईंनी त्यांना बरोबर पाहिलं.

“अहो, तुम्ही इथंच का? बरं झालं. हा ओंडका घ्या, घरी न्यायचाय.”

राजे असे हसले की पगडी मांडीवर आली. “घ्या, कोठावळे, घ्या! पण घरी नाही, न्हाणीघरात. आणि परसातली सगळी रास तुम्हीच डोक्यावरून आणायची. पुढच्या होळीपर्यंत तुमच्या आंघोळीला पांगारा! येसू, कोठीच्या किल्ल्या आजपासून तुझ्या. आणखी काय हवं ते माग.”

“आईच्या चुलीला रोज एक मोळी धावडा, महाराज,” येसू म्हणाली. “आन् ती पोचवायला कोठावळेच द्या. त्यांना घरपोच करायची सवय हाय.”