भोपळ्याची वेल आणि सोनाईची शेळी

फार जुनी गोष्ट. तेव्हा गावांना वेशी होत्या आणि गावातले तंटे वेशीच्या आतच मिटत. अशाच एका गावात गोमाजी नावाचा कोष्टी राहत असे. घरात तो आणि त्याची बायको मंजुळा. शेजारी एका छपरात सोनाई नावाची म्हातारी. तिला मागेपुढे कोणी नव्हते. एक शेळी होती. तिच्या दुधावर आणि भाकरीच्या तुकड्यावर म्हातारीचे चालले होते.

एका पावसाळ्यात मंजुळेने परसात भोपळ्याचे बी लावले. माळ्यावर भोपळे असले की उन्हाळ्यात कालवणाची चिंता नसते, एवढाच तिचा हिशेब.

बी रुजले आणि गोमाजीला वेलीचा लळा लागला. सकाळी माग सुरू करण्याआधी तो तिच्यापाशी जाऊन बसे. त्याने तिला शेणखत घातले, मग पेंड भिजवून घातली, मग आणखी शेणखत. वेल तरारली. कुंपण चढली, गोठ्यावर गेली. तिचा दांडा गोल राहिला नाही, कमरपट्ट्यासारखा रुंद आणि चपटा झाला. पाने सुपाएवढी. अशी वेल कोणी पाहिली नव्हती. लोक बघायला येऊ लागले. कोणी हळदकुंकू वाहिले. गोमाजीची मान ताठ झाली.

फुले तर रोज उमलत. पिवळीजर्द, ताठ देठांची. पण दुपारी मिटत आणि गळून पडत. एकाही फुलामागे फळ नव्हते.

मंजुळा म्हणाली, "अहो, आता पुरे करा ते खत. पानं बघून पोट भरतं का?"

"तुला काय कळतंय?" गोमाजी म्हणाला. "एवढी वाढतेय, उद्या फळ केवढं धरेल बघ!"

वाढता वाढता वेल सोनाईच्या छपरावर गेली. ओल्या पानांच्या भाराने गवत कुजले आणि म्हातारीच्या अंथरुणावर पाणी ठिबकू लागले. ती काठी टेकत आली.

"गोमा, माझ्या छपरावरचे चार शेंडे तेवढे काढ रे बाबा. निजायला कोरडी जागा राहिली नाही."

"शेंडे काढू? सोनाई, लेकराची बोटं तोडायला सांगतेस तू!"

म्हातारी परत गेली. तिने अंथरूण दुसऱ्या कोपऱ्यात ओढले.

पुढे एका दुपारी शेळीचे दावे तुटले. गोमाजी मागावर होता. तो बाहेर आला तोवर शेळीने कुंपणावरचे, गोठ्यावरचे, छपरावरचे सगळे कोवळे शेंडे फस्त केले होते. गोमाजीने कपाळ बडवून घेतले. तसाच तो पाटलाकडे गेला.

पाटील भला माणूस होता, पण त्यानेही त्या वेलीला हात जोडले होते. तो म्हणाला, "शेळीने नुकसान केलं, तर शेळी गोमाजीची."

सोनाईने दावे गोमाजीच्या हातात दिले. एवढेच म्हणाली, "तिला पाला उंचावर टांगून लागतो. जमिनीवरचा खात नाही ती."

शेळी गोमाजीच्या अंगणात आली. म्हातारीच्या दाराकडे तोंड करून ओरडत राहिली. पाला टांगला तरी तिने नीट खाल्ला नाही. गोमाजीला माग चालवताना तो आवाज ऐकू येई. मंजुळा त्याच्याशी कामापुरतेच बोले.

आणि मग वेलीला फुटवे आले. जिथे जिथे शेंडा खाल्ला होता, त्याच्या मागच्या पेरांतून बाजूच्या फांद्या निघाल्या. त्या फांद्यांवर निराळी फुले आली. आखूड देठाची, आणि बुडाशी सुपारीएवढी हिरवी गाठ असलेली. गाठीचे लिंबू झाले, लिंबाचा नारळ झाला. वेलीचे सगळे बळ जे पळण्यात जात होते, ते आता फळात उतरले.

गोमाजी त्या फळांपाशी उभा राहिला. लोक पुन्हा बघायला आले, पण या वेळी त्याला कोणाच्या तोंडाकडे बघवेना.

पहिला भोपळा पिकला तेव्हा त्याने तो खांद्यावर घेतला, शेळी सोडली आणि सोनाईच्या दारात गेला.

"सोनाई, माझं चुकलं. ही तुझी शेळी घे. आणि हा भोपळा."

म्हातारीने शेळीच्या कासेला हात लावला. कास सुरकुतली होती. झुरून झुरून शेळीचे दूध आटले होते.

"भोपळा मंजुळेला दे," ती म्हणाली. "तिने लावला होता." मग तिने शेळीला आत घेतले आणि दार लोटले.

गोमाजीने छप्पर नव्या गवताने शाकारून दिले. आपल्या घरून रोज तांब्याभर दूधही तो पोहोचवू लागला. सोनाईने ते कधी परत पाठवले नाही. पण पुन्हा त्याला 'गोमा' अशी हाकही मारली नाही.

तात्पर्य : ज्या मायेला 'पुरे' म्हणता येत नाही, ती पाने वाढवते, फळ धरत नाही; आणि तिची किंमत बहुधा शेजाऱ्याला मोजावी लागते.