हौसा आणि सरकारांची घट्ट बॅटरी

बॅटरी काही केल्या निघेना! वाघदरा पठारावरची पौषातली संध्याकाळ, बोचरा वारा, आणि डेअरीचे दूधवाले विजेच्या स्कूटरची सीट उघडून आत बोटं खुपसत होते. बॅटरी खोल खाचेत घट्ट बसलेली. धरायला वर जेमतेम बोटभर कड. हातमोजे घातले तर बोटं कडेखाली जात नाहीत, काढले तर गारठून बधिर होतात! आणि बॅटरी रात्रभर थंडीत राहिली, की सकाळी स्कूटर अर्ध्या रस्त्यात मान टाकायची.

डेअरी त्र्यंबकराव सरकारांची, स्कूटरही त्यांच्याच कारखान्यातली. तक्रार ऐकून ते शेकोटीजवळच्या आरामखुर्चीतून फिसकन हसले.

"बोटं आहेत की काकड्या? स्कूटर मी स्वतः आखली आहे! खोट तिच्यात नाही, तुमच्यात आहे!"

"मग सरकारांनी एकदा पठारावर येऊन बॅटरी काढून दाखवावी," हौसा म्हणाली. ही शेतकऱ्याची पोर डेअरीत नुकतीच लागली होती, आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं.

सरकार लालबुंद झाले. "तूच काढून दाखव! उद्या संध्याकाळी, हातमोजे घालून, एका हाताने! माझ्या स्कूटरला भोक पाडायचं नाही, खिळा ठोकायचा नाही, काही म्हणजे काही जोडायचं नाही. हरलीस, तर तू आणि हे सगळे रडके कायमचे घरी!"

दूधवाले हौसाला बाही धरून मागे ओढू लागले.

"कबूल!" हौसा म्हणाली. "पण आधी सरकारांनी हात लावायचा."

"हा! माझ्या डाव्या हातचा मळ!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सरकार पठारावर गाडीतून उतरले ते शाल, कानटोपी आणि लोकरीचे हातमोजे घालून. त्यांनी एका स्कूटरची सीट उघडली, हात घातला. मोजा घसरला. पुन्हा घातला, पुन्हा घसरला. चिडून त्यांनी मोजे भिरकावले आणि उघडी बोटं कडेखाली घातली. थोड्याच वेळात बोटं निळी, नाक लाल!

"दमानं, सरकार," हौसा म्हणाली. "काकड्या मोडतील!"

दूधवाल्यांनी हसू लपवायला मफलर तोंडावर ओढले.

हौसा आपल्या स्कूटरकडे गेली. जाड मोजा घातलेला हात तिने आत घातला आणि बाजारची पिशवी उचलावी तशी बॅटरी अलगद वर काढली! सरकार धावत आले. बघतात तर काय, बॅटरीखालून खाटेच्या जुन्या नवारीची पट्टी घेतलेली आणि वर गाठ मारून तिचा ऐसपैस फास केलेला!

"फसवणूक!" सरकार ओरडले. "काही जोडायचं नाही म्हटलं होतं!"

"स्कूटरला कुठे जोडलंय? बॅटरीला बांधलंय."

"बॅटरी म्हणजे स्कूटरच!"

"असं? मागच्या महिन्यात आमच्या बॅटऱ्या मेल्या, तेव्हा तुम्हीच म्हणालात, 'बॅटरी म्हणजे स्कूटर नव्हे, हमी फक्त स्कूटरची!' आता एकदाचं ठरवा, सरकार. बॅटरी स्कूटरमध्ये धरत असाल, तर मेलेल्या सगळ्या बदलून द्या. नसाल धरत, तर मी जिंकले!"

सरकारांनी एकदा बॅटरीकडे पाहिलं, एकदा हौसाकडे. आणि मग असे खो खो हसत सुटले, की कानटोपी डोळ्यांवर आली!

"हरलो! उद्यापासून कारखान्यात प्रत्येक बॅटरीला पट्टा! आणि ही स्कूटर तुला बक्षीस!"

"बॅटरीसकट ना, सरकार?"

"बॅटरीसकट, बाई, बॅटरीसकट!"