वाढत्या अंगाचा गणवेश

शाळेच्या पहिल्या दिवशी टिपरे हेडमास्तर हातात फूटपट्टी घेऊन फाटकातच उभे होते. यंदा त्यांनी नवा नियम काढला होता: गणवेश अगदी मापाचा हवा, नाहीतर घरी परत!

पाचवीत नव्याने आलेल्या सुगंधाला आईनं गणवेश शिवला होता तो वाढत्या अंगाचा. बाह्या कोपराखाली, स्कर्ट पोटऱ्यांपर्यंत.

"हा गणवेश आहे की तंबू?" सर गरजले. "यात तुझ्यासारख्या दोघी मावतील. चल, घरी जा!"

मागे उभ्या असलेल्या आईचा चेहरा पडला. सुगंधानं मात्र फाटकावरच्या नव्या कोऱ्या पाटीकडे बोट दाखवलं.

"सर, आईनं ती पाटी वाचूनच शिवलाय. 'येथे विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास होतो.' मग सगळ्या अंगांना जागा नको ठेवायला? विकास होणार नसेल तर आत्ताच सांगा, आई आजच उसवून लहान करून देईल."

जमलेले पालक खो खो हसले. पाटी सरांनीच सुट्टीत हौसेनं रंगवून घेतली होती. त्यांनी एकदा त्या पाटीकडे पाहिलं आणि फूटपट्टी काखेत मारली.

"जा वर्गात," ते मिशीत हसत म्हणाले, "आणि तोवर बाह्या दुमडून घे. विकासाला जरा वेळ लागतो."