पहिला घोट गुरूचा

कांपिल्य नगरावर सुवीर राजाची सत्ता होती, त्या काळी बोधिसत्त्व तिथे वैद्यकी शिकवणाऱ्या गुरूच्या जन्मात होते. शिष्य सोळा. सतरावा आला की ते त्याला शेजारच्या शाळेचा रस्ता दाखवीत. नगरात अशा तीस लहान शाळा होत्या आणि सगळीकडे एकच रीत होती. शिष्याने काढा केला की पहिला घोट गुरूचा, मग रोग्याचा. सोळा घोटांनी बोधिसत्त्वांचे तोंड इतके कडू होई की पत्नी क्षेमा म्हणे, "माझ्या हातची खीर तुम्हाला या जन्मी काही कळायची नाही." ते हसत आणि खीर संपवीत.

पिंगल नावाच्या प्रधानाला मात्र या तीस शाळा डोळ्यांत खुपत. त्याने शंभर खांबांची एक शाळा उभारली, तीस शाळांना कुलपे लावली आणि पाचशे शिष्य एकत्र बसवले. बोधिसत्त्वांना निरोप आला, "उच्चासनावर बसून शिकवा, नाहीतर नगर सोडा." बोधिसत्त्व म्हणाले, "दोन्ही करणार नाही. पण शाळा बघायला येतो."

राजा आधीच तिथे होता. पाचशे कंठांतून वनस्पतींची नावे एका सुरात उठत होती. ऐकून कुणाचीही छाती फुगावी असाच तो घोष होता. त्या दिवशी शिष्यांनी केलेला तापाचा काढा फुकट वाटायचा होता, म्हणून दाराशी आया तापलेली लेकरे मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"इथे गुरू कोण?" बोधिसत्त्वांनी विचारले.

"शाळा मी बांधली," पिंगल म्हणाला. "मलाच गुरू समजा."

बोधिसत्त्व शेवटच्या रांगेपर्यंत चालत गेले, तिथल्या भांड्यातून वाटी भरली आणि परत येऊन पिंगलपुढे धरली. "मग पहिला घोट तुमचा."

पिंगलने वाटी घेतली. "हा कुणी केला? करणाऱ्याला मी ओळखतही नाही."

"दाराशी बसलेल्या आयाही ओळखत नाहीत. त्या मात्र पाजणार आहेत."

पिंगलने वाटी खाली ठेवली. बोधिसत्त्वांनी तिच्यात बोट बुडवून जिभेच्या टोकाला लावले. जीभ बधिर झाली. त्यांनी थुंकून तोंड धुतले, त्या भांड्यातला सगळा काढा मातीत ओतला आणि तो करणाऱ्या नंदियाला, एका कुंभाराच्या मुलाला, जवळ बोलावले. "बाळा, मुळी कोणती घातलीस?"

"अतिविष, गुरुजी, तापावरची. नाव रोज घोकतो. पण मुळी कधी कुणी हातात दिली नाही. मुळ्यांची टोपली पुढच्या रांगेतच रिकामी होते. ही मी स्वतः शोधून आणली."

तो बचनाग होता, अतिविषासारखाच दिसणारा पण जहरी कंद. तापलेले लेकरू त्याने संध्याकाळपर्यंत जगले नसते. नंदिय रडू लागला.

"एका पोराच्या चुकीपायी एवढी शाळा मोडायची?" पिंगल म्हणाला.

"चूक त्याची नाही!" बोधिसत्त्वांचा आवाज प्रथमच चढला. "पाचशेंच्या घोषात न शिकलेला आवाज लपतो. सोळांत लपायला जागा नसते. महाराज, प्रधानांची आज्ञा मोडल्याबद्दल हवी ती शिक्षा करा. पण ज्याचा घोट मी घेऊ शकत नाही, त्याला मी शिष्य म्हणणार नाही."

राजाने दाराकडे पाहिले. तिथे एक आई अजून रिकामी वाटी घेऊन उभी होती. त्याने त्याच दिवशी तीसही कुलपे काढायला लावली.

बोधिसत्त्वांच्या थोरल्या शिष्याची विद्या पुरी झाली होती. त्याला त्यांनी गुरू केले, शंभर खांबांच्या त्या शाळेत दोन भिंती घालून त्याचा वेगळा वर्ग बसवला आणि इकडे त्याच्या रिकाम्या आसनावर नंदियाला बसवले. दुसऱ्या दिवशी नंदियाने गुरूंनी हातात दिलेल्या मुळीचा पुन्हा काढा केला आणि डोळे मिटून वाटी पुढे केली. बोधिसत्त्वांनी घोट घेतला.

"कडू आहे," ते म्हणाले. "फक्त कडू. जा, कालच्या त्या लेकराला पाज."

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, एका दिवसात पाचशेंना दीक्षा देऊन मोकळे होऊ, असे काल म्हणणारा भिक्षू तेव्हा पिंगल होता. त्याला आवरणारा स्थविर, तो ज्येष्ठ भिक्षू, तेव्हा राजा होता. सगळ्यांत मागे बसलेला, ज्याचे नाव तुम्ही अजून विचारले नाही, तो नंदिय. आणि तो गुरू मीच." मग शास्त्यांनी मागच्या त्या भिक्षूला पुढे बोलावून त्याचे नाव विचारले. न ढळणाऱ्या निश्चयाची, अधिष्ठान पारमितेची, ही कथा आहे.